इंग्लंडात लाईट गेली तर डीपी कुठे शोधायची?

खान्देशात लाईट गेली की माणूस आधी ओट्यावर येतो. समोर आहे का, खालच्या गल्लीत आहे का, डीपीवरचा, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, डीओ फ्यूज पडलाय का, एवढं बघितलं की निम्मं निदान होतं. 'लाईट गयी का रे भो?' ही खरं तर तपासणीच असते. जळगाव-धुळ्याकडून इंग्लंडात आलेल्या मुलांना हे शहाणपण इथेही उपयोगी पडतं, पण ऐनवेळी आठवत नाही. इथे महिनोन्महिने लाईट जात नाही, त्यामुळे गेली की घरात ना इन्व्हर्टर, ना धड बॅटरी, ना वायरमनचा नंबर.

पहिला प्रश्न तोच: लाईट कुणाची गेली? आपली, आपल्या फेजची की सगळ्या रस्त्याची? खिडकीतून रस्त्यावरचे दिवे बघा, पण त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नका. त्यांची जोडणी अनेकदा वेगळी असते. शेजारचं घरही एकटं पुरावा होत नाही. रस्त्याखालून तीन फेजची केबल जाते आणि घरं आलटून पालटून एकेका फेजवर टाकलेली असतात. एक फेज गेला तर दोन घरं उजेडात आणि मधलं अंधारात, असं चित्र दिसतं. म्हणून दोन्हीकडची दोन-तीन घरं बघा.

मग मीटर. त्याचा पडदा कोरा असेल तर बाहेरून वीजच येत नाहीये. पडदा चालू असेल तर बिघाड घरात आहे, किंवा प्रीपेड मीटरमधले पैसे संपलेत. भाड्याच्या घरात प्रीपेड मीटर बऱ्याचदा असतं आणि 'लाईट गेली' म्हणून घाबरलेल्यांतले काही जण फक्त टॉप-अप विसरलेले असतात. अशा वेळी मीटरवर थोडी उसनी रक्कम मिळते, तिला इमर्जन्सी क्रेडिट म्हणतात. फ्लॅटमध्ये मीटर खाली एका सामाईक खोलीत असतात. तिची किल्ली कुणाकडे असते, हे उजेड असतानाच विचारून ठेवावं.

बिघाड घरातला वाटला तर जिन्याखालचं किंवा दाराजवळचं कपाट उघडा. त्यात कन्झ्युमर युनिट, म्हणजे घराचा मुख्य स्विचबोर्ड असतो: एक मेन स्विच, गळती झाली की वीज तोडणाऱ्या एक-दोन आरसीडी आणि प्रत्येक लाईनच्या स्वतंत्र स्विचांची, म्हणजे एमसीबींची रांग. दिव्यांची एमसीबी बहुधा 6 अँपिअरची, सॉकेटांची 32 ची, विजेवर पाणी तापवणाऱ्या शॉवरची 40 किंवा अधिक. आरसीडी 30 मिलिअँपिअर गळतीलाच पडते, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या किटकॅट फ्यूजसारखी तार जळेपर्यंत थांबत नाही. पडली असेल तर नुसती वर ढकलून बघू नका. सगळे प्लग काढा, नुसतं बटण बंद करणं पुरत नाही, कारण न्यूट्रल जोडलेलीच राहते. सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीडी वर करा, मग एकेक एमसीबी चढवा. ज्या एमसीबीला आरसीडी पुन्हा पडेल, दोष त्या लाईनवर. ती खाली ठेवून बाकीचं घर चालवता येतं. सगळं चढलं तर एकेक उपकरण लावत जा. चोर बहुधा किटली, इस्त्री, टोस्टर किंवा पाणी तापवण्याचा इमर्शन हीटर, म्हणजे ज्याच्यात पाणी किंवा तापणारी कॉइल असते ते. गावाहून आणलेला मिक्सर स्वस्त अडॅप्टरवर चालवणारेही इथेच सापडतात. 230 व्होल्ट दोन्हीकडे आहेत, पण इथल्या प्रत्येक प्लगमध्ये 3 किंवा 13 अँपिअरचा फ्यूज असतो आणि स्वस्त अडॅप्टरमध्ये तो बऱ्याचदा नसतो.

मीटरच्या आधी, बाहेरची केबल येते तिथे, सील केलेला एक काळा किंवा करडा डबा दिसेल. तो कटआऊट. त्यातला मोठा फ्यूज नेटवर्क कंपनीचा, त्याला हात लावायचा नाही. काठीने डीओ बसवणारा एखादा पटाईत माणूस गावाकडे प्रत्येक गल्लीत सापडतो, ते कौशल्य तिकडेच राहू द्या. तिकडेही ते जिवावरचंच आहे.

एक प्रकार मात्र रावेर-यावलच्या केळीवाल्यांना लगेच कळेल. लाईट पूर्ण जात नाही, दिवे मंद होतात आणि फ्रीज घुमायला लागतो. एक फेज गेल्यावर विहिरीवरची मोटार हुं-हुं करत तापते आणि जळते, तसंच हे. व्होल्टेज पडल्यावर कॉम्प्रेसर सुरूच होऊ शकत नाही, जास्त करंट ओढतो आणि तापतो. फ्रीज, फ्रीजर, वॉशिंग मशीनचे प्लग काढून टाका. याउलट दिवे एकाएकी फार प्रखर झाले किंवा सतत फडफडू लागले तर बाहेर न्यूट्रल तुटली असण्याची शक्यता असते. तेव्हा थेट मेन स्विच बंद करून फोन करायचा.

फोन कुणाला, इथे बहुतेक जण चुकतात. आपल्याकडे महावितरण तारा सांभाळतं आणि बिलही काढतं, म्हणून 1912 लावला की काम झालं. ब्रिटनमध्ये बिल पाठवणारी कंपनी वेगळी आणि तारा-केबल सांभाळणारी वेगळी. बिलवाल्यांना फोन केला तर फक्त वेळ जातो. 105 लावा. हा फुकटचा नंबर 2016 पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये आहे, तुमच्या भागातल्या नेटवर्क कंपनीला जोडून देतो. उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे. पोस्टकोड सांगा, सगळं घर गेलं की अर्धं, शेजारी काय दिसतं, आवाज किंवा ठिणगी झाली का, घरात विजेवर चालणारं औषधोपचाराचं यंत्र आहे का, आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. 'दुसऱ्या कुणी केलीच असेल' म्हणून गप्प बसू नका. एका फेजच्या बिघाडात किती घरांकडून फोन आले, त्यावरून त्यांना जागा कळते. गॅसचा वास आला तर नंबर 0800 111 999, आणि तेव्हा कुठलंच बटण चालू-बंद करायचं नाही.

लाईट गेली की घर गार पडतं, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. घर तापवणारा बॉयलर गॅसवर चालत असला तरी त्याचा पंखा, पंप आणि कंट्रोल विजेवर असतात. 26 नोव्हेंबर 2021 च्या आर्वेन वादळात 10 लाखांवर घरांची वीज गेली आणि जवळपास 4,000 घरांना ती आठवड्याहून जास्त काळ मिळाली नाही. अशा वेळी मोह होतो तो शेगडीचा. धुळ्याच्या थंडीत अंगणात कोळशाची शेगडी पेटवून बसणं वेगळं. इथली घरं दुहेरी काचांची, फटी बुजवलेली. त्यात बार्बेक्यू आत आणला किंवा गॅसवर खोली तापवली तर कार्बन मोनॉक्साईड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखू लागलं, मळमळलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर परत आत जाऊ नका, 999 हा इथला आणीबाणीचा नंबर लावा. जनरेटरही खिडकीपासून लांब, बाहेरच. मेणबत्तीपेक्षा टॉर्च बरा, खाली गालिचा आणि बाजूला पडदे असतात.

तुटलेल्या तारेपासून निदान 10 मीटर लांब राहा, ती मेलेली दिसली तरी. पावसाळ्यात तार पडलेल्या शेतात बैल का मरतो, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. जमिनीतल्या विजेचा दाब दोन पावलांत वेगळा असतो. तार गाडीवर पडली तर गाडीतच बसून 999 आणि 105 ला कळवा. आग लागली तरच दोन्ही पाय जोडून उडी मारा, गाडी आणि जमीन एकाच वेळी न शिवता, आणि पाय जुळवूनच लहान उड्या मारत लांब जा.

फ्रीज न उघडल्यास साधारण 4 तास थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीजर 48 तास, अर्धा भरलेला 24. भरताच्या वांग्यांचा गर आणि गोठवलेल्या पोळ्या तोवर टिकतील, पण सारखं दार उघडून बघितलं तर नाही. इंटरनेटवर चालणारा घरचा फोन राऊटरसोबत बंद पडतो, म्हणून पॉवर बँक भरलेली हवी आणि गावी व्हिडिओ कॉल नको, मेसेज पुरे.

आईवडील इकडे राहायला आले असतील तर नेटवर्क कंपनीच्या प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये नाव नोंदवा. ते फुकट आहे. वयस्कर माणसं, 5 वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, ऑक्सिजन किंवा डायलिसिसवरचा रुग्ण, एवढंच काय, इंग्रजी नीट येत नसलेले लोकही त्यात बसतात. ठरवून वीज बंद करायची असेल तर कंपनीला निदान 2 दिवस आधी कळवावं लागतं. साध्या हवामानात बिघाड 12 तासांत दुरुस्त झाला नाही तर भरपाई मिळते. वादळात ही मुदत वाढते आणि रक्कम वेळोवेळी बदलते.

लाईट गेल्यावर ओव्हन, इस्त्री, हॉब (विजेची शेगडी) बंद करून एक दिवा चालू ठेवा, म्हणजे आल्याचं कळेल. आल्यावर बॉयलरचं टायमर बघा. ते मध्यरात्रीचे बारा दाखवत असलं, तर पहाटे गरम व्हायचं घर भलत्याच वेळी तापतं.