गिटारची घरघर, फेविक्विक आणि खायचा सोडा

गिटार घेतली तेव्हा तिच्यात काही बदल करायचा विचारपण नव्हता. कॉलेजातल्या एका सीनियरकडून साडेसात हजाराला सेकंडहँड उचलली, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकॅस्टर (थोडक्यात स्ट्रॅट) या इलेक्ट्रिक गिटारच्या आकाराची, तीन सिंगल कॉइल पिकअपवाली (पिकअप म्हणजे तारांखालचा कंपन पकडणारा भाग), कंपनीचं नाव सांगत नाही कारण पुढे तिला जरा नावं ठेवणार आहे. नेक (म्हणजे लांब दांडा) झकास होता, हातात बसायची, पण अँपला (अँप्लिफायरला) लावली की मागे सतत घर्रर्र. स्ट्रिंगवर हात ठेवला की निम्मी कमी, हात काढला की परत सुरू. आता सिंगल कॉइल म्हटल्यावर थोडं चालायचंच, चुंबकाभोवती गुंडाळलेली हजारो वेढ्यांची बारीक तार ती, स्ट्रिंगचं कंपन पकडते तशी घरातली ५० हर्ट्झची वीजपण पकडते. पण आमच्याकडे म्हणजे गिटार कमी आणि पिठाची गिरणी जास्त असा प्रकार होता.

पहिला सुगावा लागला तो पंख्यामुळे. मे महिना, घामाघूम, म्हणून पंखा निम्म्यावरून फुल केला आणि घरघर एकदम खाली आली. परत निम्मा, परत कर्रर्र. दहा वेळा करून पाहिलं, आई म्हणाली रेग्युलेटर मोडशील. तर तो गोल फिरणारा, टकटक न करणारा रेग्युलेटर असतो ना, तो विजेची प्रत्येक लाट मधेच कापून पंखा हळू करतो, आणि त्या कापाकापीची कचकच थेट गिटारमध्ये येते. फुल स्पीडला कापायचं काही उरतच नाही. (टकटक पायऱ्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर असेल तर हा त्रास होत नाही. दीडेकशे रुपयांचा प्रश्न होता, पण मला तेव्हा गिटारच उघडायची खाज आली होती.)

मग रात्र रात्र वाचत बसलो आणि मोठमोठ्या रॉक गिटारवाल्यांचे नको ते किस्से डोक्यात भरले. एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये नॅशव्हिलला सहा जुन्या स्ट्रॅट स्वस्तात घेतल्या, तीन मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तिन्हींचे चांगले चांगले पार्ट काढून एक गिटार जोडली, तीच ती ब्लॅकी, २००४ मध्ये लिलावात ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला गेली. एडी व्हॅन हेलनने ५० डॉलरची बॉडी आणि ८० डॉलरचा नेक घेऊन त्यात गिब्सनचा हंबकर (घरघर मारणारा दोन कॉइलचा पिकअप) ठोकला. ब्रायन मेने तर १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरीच बनवायला घेतली, नेक जुन्या फायरप्लेसच्या लाकडाचा, ट्रेमोलोला (दांडीने तारा ढिल्या-ताणून सूर हलवायची सोय) मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. माझी सगळ्यात आवडती म्हणाल तर डेव्हिड गिल्मरची काळी स्ट्रॅट, कारण तो माणूस चुका करून त्या परत निस्तरायचा. वेगळा ट्रेमोलो बसवायला त्याने बॉडी कोरून घेतली, नंतर तो नको झाला तर लाकूड भरून बुजवली, नेक तर किती वेळा बदलले. २०१९ मध्ये ३९ लाख ७५ हजार डॉलर आले तिचे. म्हटलं आपल्या साडेसात हजाराच्या गिटारला भोक पडलं तर कोण विचारतंय.

सामान आणायला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. दुकानातल्या काकांना २५० के लॉग पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या नॉबखालचा फिरता रेझिस्टर) पाहिजे म्हणालो तर ते म्हणाले, अँप दुरुस्त करतोयस का? म्हटलं नाही काका, गिटारसाठी. गिटारमध्ये पॉट असतो होय, असं म्हणून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यांच्याकडचे पॉट माझ्या नॉबला बसणारे नव्हते, ते शेवटी ऑनलाइन मागवले, पण वायर, सोल्डर, फ्लक्स आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (त्यावर ४७३ लिहिलेलं असतं) तिथेच मिळालं. कपॅसिटर पाच रुपयांचा. जुने ‘व्हिंटेज’ कपॅसिटर लोक हजारो रुपयांना घेतात टोन गोड येतो म्हणून, माझं मत विचाराल तर व्हॅल्यू तीच असेल तर तुमच्या कानाला नाही, खिशाला फरक कळतो.

रविवारी सकाळी स्ट्रिंगा काढल्या, पिकगार्डचे (वरच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचे) ११ स्क्रू काढले आणि आत बघितलं तर अगदी गरिबी. करंगळीच्या नखाएवढे पॉट, शिल्डिंगच्या (बाहेरची कचकच अडवणाऱ्या धातूच्या अस्तराच्या) नावाने शून्य, नुसतं लाकूड आणि त्यावर रंग. आधी फोटो काढून ठेवले, हे एक शहाणपणाचं काम त्या दिवशी झालं. नवीन पॉट मोठे, त्यांची मान साडेनऊ मिलिमीटरची आणि पिकगार्डची भोकं आठची, म्हणजे पॉट बसेचनात. गोल कानस घेऊन तासभर घासत बसलो, पांढरा प्लॅस्टिकचा भुगा सगळ्या गादीवर.

सोल्डरिंगला माझ्याकडे २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न. बारीक टाक्याला ते ठीक आहे पण पॉटच्या पाठीवर अर्थची वायर चिकटवायची म्हणजे तो अख्खा लोखंडी डबा तापवायला लागतो, तो सगळी उष्णता पिऊन टाकतो आणि सोल्डर नुसतं गोळी होऊन घरंगळतं. मी हट्टाने मिनिटभर दाबून धरलं, सोल्डर एकदाचं बसलं पण आतला पॉट शिजला, फिरवला की खरखर. एक पॉट वाया. मग शेजारच्या टीव्ही रिपेअरवाल्या दादांकडून ६० वॉटचं आणलं, पॉटची पाठ पॉलिश पेपरने घासून घेतली, थोडा फ्लक्स, दोन सेकंदात चकचकीत टाका. म्हणजे कमी वॉटचं आयर्न पार्ट वाचवतं असं जे वाटतं ना, ते इथे बरोबर उलटं आहे.

मग आतल्या सगळ्या खड्ड्यांना तांब्याची चिकटपट्टी लावली, कोपऱ्यात बोटं कापून घेतली, तुकड्या-तुकड्यांमधून करंट जातोय का ते मीटरच्या बीपने तपासलं आणि एका वायरने सगळं अर्थला जोडलं. तांब्याच्या त्या डब्यात अडकलेली घरघर कानापर्यंत न येता जमिनीत जाते, असा हिशोब. इतकी सुंदर दिसत होती आतून, झाकावीशी वाटेना.

झाकली. अँपला लावली. शांतता. म्हणजे इतकी शांतता की घरघर तर गेलीच, गिटारपण गेली.

त्या रात्री जेवलो नाही नीट. सगळे टाके परत तापवले, स्विच बदलायचा विचार केला, शेवटी दुसऱ्या दिवशी डोकं चाललं की केबल काढल्यावरही मीटर जॅकच्या (केबल खुपसायच्या सॉकेटच्या) दोन टोकांमध्ये सरळ बीप देतोय. प्रकार काय, तर जॅकच्या खड्ड्यातसुद्धा मी मोठ्या हौसेने तांबं लावलं होतं आणि जॅकची सिग्नलची पट्टी बरोब्बर त्यालाच टेकत होती. म्हणजे सगळा आवाज बाहेर येण्याआधीच अर्थला. इन्सुलेशन टेपचा दीड इंच तुकडा लावला आणि पहिला ई कॉर्ड वाजवला तेव्हा मी घरात एकटाच ओरडलो.

आता उघडलीच आहे म्हणून अजून दोन गोष्टी केल्या. स्ट्रॅटच्या मूळ वायरिंगमध्ये ब्रिज पिकअपला (नेकपासून सगळ्यात लांबच्या पिकअपला) टोनचा नॉबच नसतो, तो पिकअप कानात सुई खुपसल्यासारखा वाजतो. स्विचवर इंचभर वायरचा तुकडा जोडला की खालचा टोनचा नॉब त्यालाही लागू होतो. याच्याइतका स्वस्त आणि उपयोगाचा बदल दुसरा नाही. दुसरं म्हणजे व्हॉल्यूम कमी केला की आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा व्हायचा, तर व्हॉल्यूम पॉटच्या दोन पायांवर १००० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० के रेझिस्टर बसवला, आता नॉब चारवर असला तरी चमक राहते. स्विचबद्दल एक गंमत वाचली होती, सुरुवातीच्या स्ट्रॅटला तीनच पोझिशन होत्या, वाजवणारे स्विच मधे अडकवून दोन पिकअप एकदम वाजवायचे, त्यांचं बघून कंपनीने १९७७ मध्ये पाच पोझिशनचा स्विच द्यायला सुरुवात केली.

घरघरीचं सांगायचं राहिलं. कचकच जवळजवळ गेली पण खालचा गूंऽऽ थोडा राहिलाच, आणि तो राहणारच, कारण ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र तांब्याच्या पातळ पट्टीला जुमानत नाही. पण मला तो जास्तच वाटत होता म्हणून वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावला, दिवा पेटलाच नाही. सॉकेट तीन पिनचं पण मागे अर्थची वायर सुटून लोंबत होती, किती वर्षं कोण जाणे. म्हणजे मी तांब्याने जी घरघर जमिनीत सोडत होतो तिला जमीनच नव्हती. पाच मिनिटांचं काम, शंभर रुपये. हे आधी केलं असतं तर, जाऊ दे.

आता खरं तर थांबायचं, पण प्लॅस्टिकचा नट (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) बदलायचा राहिला होता. हाडाचा नट मागवला तर आई म्हणे हाडबीड घरात नको. म्हटलं तुझ्या मिरजेच्या तानपुऱ्याची घोडी कशाची आहे? तर म्हणे, ते वेगळं. खाचा पाडायच्या खास कानशी फार महाग, म्हणून गॅस वेल्डिंगवाले नोझल साफ करायला वापरतात तो टिप क्लीनरचा संच आणला, त्याने घासत गेलो आणि बी स्ट्रिंगची खाच जरा जास्तच खोल आणि सपाट झाली. मोकळी तार छेडली तर झुंऽऽईं, अगदी सतार.

आई आतून आली. अरे वा, जवारी (तानपुऱ्याच्या तारेचा तो झुणझुणता नाद) काढलीस की! तिला खरंच आनंद झाला होता, मला म्हणे सा धर, त्यावर गाऊन बघते. तिला कसं सांगणार की तानपुऱ्यात ज्याच्यासाठी घोडीवर तारेखाली दोरा सरकवत बसतात तेच इथे बिघडल्याचं लक्षण आहे.

उपाय स्वयंपाकघरातच निघाला. खाचेत चिमूटभर खायचा सोडा, वर फेविक्विकचा एक थेंब, क्षणात दगड. थोडा धूर येतो, नाक लांब ठेवा. मग परत हळूहळू घासायचं, या वेळी खाचेला गिटारच्या डोक्याच्या (खुंट्यांच्या) बाजूला किंचित उतार द्यायचा म्हणजे तार फ्रेटच्या बाजूच्या कडेवरच टेकते. दुसऱ्या प्रयत्नात आवाज स्वच्छ, टणक. आईने ऐकला, म्हणाली आधीचंच छान वाजत होतं, आणि सोडा जागेवर ठेव, रविवारी ढोकळा करायचाय.