२३७ नंबरची जीटीओ

मिशिगनमधल्या एका गिऱ्हाइकासाठी १९६५ची पॉन्टिॲक जीटीओ तपासत होतो. चार गिअरची मॅन्युअल गाडी, जाहिरातीत ‘ट्राय-पॉवर (म्हणजे तीन कार्बुरेटर), ३६० हॉर्सपॉवर’. गिऱ्हाईक आधीच बिथरलेलं. चासी नंबर २३७ने सुरू होतो आणि २३७ म्हणजे लमान्स, पॉन्टिॲकचंच साधं मॉडेल, मग गाडी नकलीच ना?

तसं नाही. त्या वर्षीच्या खऱ्या जीटीओचाही नंबर हाच. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन नको, असा पॉन्टिॲकची मालक कंपनी जनरल मोटर्सचा दंडक होता. पॉन्टिॲकचे इंजिनिअर जॉन डिलोरिअन आणि मंडळींनी पळवाट काढली आणि १९६४मध्ये ३८९ घनइंचांचं इंजिन लमान्सवरचा जादा ऑप्शन म्हणून विकलं. जीटीओला स्वतःचा २४२ मिळाला तो १९६६मध्ये. बिल्ले काय, कुणीही लावतं. लमान्सचं ३२६ बाहेरून ३८९सारखंच दिसतं. स्ट्रोकही तोच, ३.७५ इंच. फरक बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचा.

म्हणून थेट इंजिनचा ब्लॉक पाहिला. उजवीकडे, हेडच्या खाली, पुढच्या तोंडावर कोड ठोकलेला असतो. ग्रीस सॉल्व्हंट आणि पितळी ब्रशनेच काढायचं. पॉलिशपेपर मारला की मशिनिंगच्या मूळ रेघा जातात, आणि कोड मागाहून ठोकलाय का ते कळत नाही. अक्षरांवर खडू घासून टॉर्च आडवा धरला: डब्ल्यूटी. म्हणजे मॅन्युअल, एकच चार-बॅरल (चार तोंडांचा) कार्बुरेटर, ३३५ हॉर्सपॉवर. ट्राय-पॉवरला डब्ल्यूएस हवं.

डिस्ट्रिब्युटरजवळ ओतकामाची तारीख सी१२५, म्हणजे १२ मार्च १९६५. काऊलवरच्या (पुढच्या काचेखालच्या पत्र्यावरच्या) पट्टीवर ०४बी, एप्रिलचा दुसरा आठवडा. हेडवर ७७, त्या वर्षीच्या जीटीओच्या हेडचा नंबर. सगळं जुळत होतं.

मग वरचे तीन रॉचेस्टर कार्बुरेटर आले कुठून? ते ज्यावर बसतात त्या मॅनिफोल्डचा नंबर ९७८२८९८, तो १९६६चा, १९६५चा ९७७८८१८. नटबोल्ट बिनबोभाट बसतात, म्हणून वरवर पाहणारा फसतो. त्या वर्षीच्या ७५,३५२ जीटीओंपैकी ट्राय-पॉवरच्या २०,५४७च, तेव्हा हा मोह समजण्यासारखा आहे. जुन्या कारखान्याच्या नोंदी पुरवणाऱ्या पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मागवलेल्या कारखान्याच्या बिलातही जीटीओ ऑप्शन होता, ट्राय-पॉवर नव्हतं.

मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांत गंज, डिकीच्या पत्र्यात एक भोक. या गाड्यांत ते नेहमीचंच.

अहवालात लिहिलं: गाडी खरी. भाव ३३५च्या जीटीओचा द्यावा, कार्बुरेटरचे पैसे वेगळे धरावेत, आणि मूळ चार-बॅरल मॅनिफोल्ड मालकाकडे पडून असेल तर तो सौद्यातच मागून घ्यावा.