पोकरण-फलोदीच्या वाटेवर: आंधीत वाळू वेगळी, धूळ वेगळी

मेअखेरीस जैसलमेरहून पोकरणमार्गे फलोदीला निघालात, तर दुपारनंतर पश्चिमेकडे लक्ष असू द्या. वारा पडतो, जीव कासावीस होतो आणि खाली पिवळी, वर काळपट अशी भिंत उठते. हीच काली-पीली आंधी. आपल्याकडच्या वावटळीवरून तिचा अंदाज बांधू नका. गडगडाटी ढगातली थंड हवा जमिनीवर आदळून पसरते आणि सुटी माती उचलत येते. म्हणून ती अंगावर आली की पारा झटकन उतरतो.

भिंत दिसताच गाडी रस्त्याच्या पूर्ण खाली, कडक जमिनीवर घ्या. रेतीत चाक रुततं. झाड किंवा जाहिरातीचा फलक जवळ नको. हँडब्रेक ओढा, सगळे दिवे बंद करा, ब्रेकवरचा पायही काढा. मागचे लाल दिवे दिसले की येणारा चालक तोच रस्ता समजून थेट धडकतो. एसीला बाहेरची हवा घेऊ देऊ नका. नंतर काचेवर कोरडा वायपर मुळीच नको, ओरखडे कायमचे राहतात.

वाळूचे कण जड. ते उड्या मारत, बहुतेक जमिनीपासून मीटरभराच्या आतच सरकतात. म्हणून तर धोऱ्यांवर, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर, खीप आणि सणिया या झुडपांच्या काटक्यांची गुडघाभर उंचीची कुंपणं पुरतात. जोधपूरच्या काझरी या शुष्क प्रदेश संशोधन संस्थेने रुजवलेली ही रीत: वाऱ्याला आडव्या ओळी किंवा बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, आणि त्यांच्या आडोशाला रोपं. पावसाळ्याआधी काटक्या रोवल्या नाहीत तर रोपांची मुळं उघडी पडतात. जिथे कुंपण तुटलंय तिथे डांबरावर रेतीचे पट्टे येतात; दुचाकीस्वारांनी तिथे ब्रेक दाबू नये.

धूळ मात्र उंच चढते आणि तासन्‌तास तरंगते. ती फटीतून घरात येते, दम्याच्या रुग्णाला छळते, भडलाच्या सौर प्रकल्पातल्या पट्ट्यांवर बसून वीज घटवते. पाणी दुर्मीळ, त्यामुळे तिथे कोरड्या ब्रशांची यंत्रं पट्ट्या पुसतात. मुक्कामी दाराच्या फटीला ओलं गोणपाट लावा, मास्क नसेल तर ओला रुमाल नाकावर बांधा.

ढाण्यांमध्ये, म्हणजे शेतातल्या छोट्या वस्त्यांमध्ये, आम्हांला सगळ्यात मोलाची वाटली ती टांक्याची, म्हणजे पावसाचं पाणी साठवणाऱ्या जमिनीखालच्या टाकीची, काळजी. आंधीने आगोरावर, म्हणजे पाणी गोळा करणाऱ्या उताराच्या अंगणावर, रेती, लेंड्या, पालापाचोळा साचतो. पहिल्या पावसाआधी तो झाडला नाही तर सगळं टांक्यात जातं आणि वर्षाचं पिण्याचं पाणी नासतं. तोवर झाकण बंद आणि पाणी आत घेणाऱ्या भोकांना चिंध्यांचे बोळे.