कॅसची फाइल आणि माझी दोन नावं

कॅस म्हणजे करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम, प्राध्यापकांच्या बढतीची योजना. तिच्यात वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ वर जायला माझी सेवा भरली होती, कोर्स झाले होते, समितीची शिफारसही होती. नव्हता तो एकच कागद: मी म्हणजे मीच, हे उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाला पटेल असा.

अमेरिकेत ठरल्या मुदतीत टेन्युअर, म्हणजे कायमची नेमणूक, मिळालं नाही तर प्राध्यापकाला सहसा ते विद्यापीठ सोडावं लागतं. आपल्या अनुदानित कॉलेजात परिविक्षा काळ संपला की नोकरी कायम. खरी परीक्षा पुढे, कॅसला. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) २०१८ ची नियमावली राज्याने मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने लागू केली. या टप्प्याच्या अटी: पीएचडी असेल तर ४ वर्षं सेवा, शिकवण्याच्या पद्धतींचा २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स, एक रिफ्रेशर (उजळणीचा) किंवा तत्सम कोर्स, आणि नेमून दिलेले तास घेतलेले असणं. ८० टक्के तास घेतले तर ‘चांगले’, ७० च्या खाली गेलात तर संपलं. आयक्यूएसी (कॉलेजचा गुणवत्ता कक्ष), विषयतज्ज्ञ, छाननी समिती सगळं सुरळीत झालं. मग फाइल वेतननिश्चितीला सहसंचालक कार्यालयात गेली.

पीएचडी माहेरच्या नावाने. सेवापुस्तक सासरच्या. रिफ्रेशरच्या प्रमाणपत्रावर मधे नवऱ्याचं नाव आणि आडनाव माहेरचं. ते कोणी टाइप केलं देव जाणे. त्रुटीपत्र आलं: नावात तफावत. विवाह नोंदणीचा दाखला दिला. परत त्रुटी: नावबदलाच्या राजपत्राची प्रत जोडावी. जोडली. तरी फाइल हलेना, म्हणून स्वतः गेले.

“मॅडम, गॅझेट पीएचडीनंतरचं आहे.”

“भाऊसाहेब, लग्नच पीएचडीनंतर झालंय.”

“तुमचं बरोबर आहे. पण पीएचडीवर हे नाव नाही ना.”

माणूस वाईट नव्हता. उद्या पडताळणीत आक्षेप निघाला तर मलाच विचारतील, असं म्हणाला. ते खरंही असेल. पण मग साहेब रजेवर, मग निवडणुकीचं काम, मग मार्चएण्ड. माझ्याबरोबर फाइल दिलेल्या सरांची ऑर्डर तोवर हातात. त्यांना कोणी राजपत्र मागितलं नाही. त्यांचं नाव जन्मापासून एकच.

सुटलं ते प्रतिज्ञापत्राने. साधं नाही, तक्त्याचं: प्रत्येक कागद, त्याची तारीख, त्यावर छापलेलं नाव, आणि सोबत प्राचार्यांचा दाखला. हा नमुना पहिल्याच त्रुटीपत्रात का लिहीत नाहीत? मला तो सांगितला शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी, तोही डबा खाताना.

तेव्हा कोर्सला नाव नोंदवताना सेवापुस्तकातलंच नाव भरा, अक्षर न अक्षर. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. पुढच्या टप्प्यांसाठी पेपर लागतील, तेव्हा जर्नल त्या वेळी यूजीसी-केअर या मान्य जर्नलांच्या यादीत होतं याचा छापील पुरावा ठेवा. ती यादी २०२५ मध्ये बंद झाली. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: कोर्स पात्रतेच्या तारखेनंतर पूर्ण झाला तर बढतीची तारीखही पुढे सरकते आणि मधल्या काळाचा पगारातला फरक बुडतो.

लेव्हल ११ चं मूळ वेतन ६८,९०० पासून सुरू होतं. माझी वेतननिश्चिती झाली. फरकाचं बिल वेगळ्या टेबलावर आहे. तिथे प्रतिज्ञापत्राच्या प्रती न मागताच देऊन आले.