तुम्ही विचारलंत म्हणून: मी शाळेवरून मत का देते

प्रत्येक निवडणुकीच्या आधी मला हे विचारलं जातं. इकडे डॅलसला मंडळाच्या गणपतीत प्रसादाचे द्रोण भरताना कोणीतरी विचारतं, आणि सांगलीहून रविवारी धाकट्या भावाचा फोन येतो तेव्हा तो तर विचारतोच, की ताई, तिकडे व्हिसा आहे, टॅक्स आहे, बॉर्डर आहे आणि तू मत कशावरून देतेस तर शाळेवरून? वर तुझ्या पोराला आता सरकारच पैसे देणार म्हणे प्रायव्हेटमध्ये जायला, मग तू त्याच्या विरोधात कशी? फोनवर दर वेळी अर्धंच सांगून होतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी ते पैसे कसले ते सांगते. 3 मे 2025 ला टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी सिनेट बिल 2 वर सही केली. त्यात 100 कोटी डॉलर बाजूला काढलेत, 2026-27 च्या शालेय वर्षापासून ज्या आईवडलांना मूल प्रायव्हेट शाळेत घालायचंय त्यांच्यासाठी सरकार एक खातं उघडणार, त्यात वर्षाला साधारण 10 हजार डॉलर, घरी शिकवणाऱ्यांना 2 हजारांपर्यंत, आणि ज्या मुलांना स्पेशल एज्युकेशन लागतं त्यांना 30 हजारांपर्यंत. कायद्यात नाव वेगळं आहे पण लोक सरळ व्हाउचर म्हणतात, आणि जे उमेदवार याच्या बाजूचे आहेत ते 'स्कूल चॉइस' म्हणतात, म्हणजे शाळा निवडायचा हक्क आईवडलांना.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे, म्हणजे ते 30 हजारवालं मूल माझ्याच घरात आहे.

आता मागची गोष्ट. तो पाच वर्षांचा असताना आम्ही प्रायव्हेट शाळा बघितल्या होत्या, तेव्हा व्हाउचर वगैरे काही नव्हतं, आम्ही स्वतःच्या पैशाने फी भरायला तयार होतो. एका शाळेने फोनवरच अगदी गोड शब्दांत सांगितलं की त्याला जो सपोर्ट लागेल तो आमच्याकडे नाही. दुसरीने अर्धा दिवस बसवून बघू म्हटलं. मी त्याला नऊला सोडलं आणि साडेदहाला फोन आला की घेऊन जा. गेले तर हा दाराजवळ खाली बसलेला, सगळ्या वर्गाचे बूट कप्प्यांतून काढून त्याने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावून ठेवले होते, एकही जोडी चुकली नव्हती, आणि बाई म्हणाल्या की बाकीच्या मुलांचा वेळ जातो. त्या बाईंवर माझा राग नाही, त्यांना 20 मुलं सांभाळायची होती. पण गाडीत बसल्यावर मला एक गोष्ट कळली ती आजतागायत विसरले नाही. पैसे आमच्या हातात होते, शाळा आम्ही निवडली होती, पण आम्हाला निवडायचं की नाही हे शाळेने ठरवलं.

सरकारी शाळेला असं करता येत नाही. 1975 पासून इथे केंद्राचा कायदा आहे, हल्ली त्याला आयडिया म्हणतात, की अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे शिक्षण फुकट मिळालंच पाहिजे. टेक्सासमध्ये त्यासाठी दर वर्षी जी मीटिंग होते तिला सगळे आर्ड म्हणतात. किंडरगार्टनच्या त्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही सात जण गुडघे पोटाशी घेऊन बसतो, वर्गशिक्षिका, स्पेशल एडच्या बाई, स्पीच थेरपिस्ट, शाळेचा सायकॉलॉजिस्ट, प्रिन्सिपल, मी, नवरा, आणि कागदावर एकेक गोष्ट लिहिली जाते, आठवड्याला किती मिनिटं स्पीच, बसमध्ये सोबत कोण, फायर ड्रिलची घंटा वाजायच्या आधी त्याला कोण सांगणार. शेवटी सगळ्यांच्या सह्या. मग तो कागद शाळेला पाळावाच लागतो, नाही पाळला तर मी तक्रार करू शकते. व्हाउचर घेऊन प्रायव्हेटला गेलं की हा कागद मागेच राहतो, कारण तो कायदा प्रायव्हेट शाळेला तसा लागू नाही, आणि टेक्सासच्या नव्या कायद्यातही प्रायव्हेट शाळांना प्रवेशाचे नियम बदलायची सक्ती नाही. ज्या मुलांसाठी 30 हजार ठेवलेत त्याच मुलांना दारातून परत पाठवायची मोकळीक शाळेला तशीच आहे. खास ऑटिझमच्या मुलांसाठीच काढलेल्या चांगल्या प्रायव्हेट शाळाही असतात, मला माहितीये, ज्यांना मिळते त्यांनी जरूर घ्यावी, माझ्या मैत्रिणीने घेतलीये आणि तिचं मूल खुश आहे.

भाऊ म्हणाला, म्हणजे आपल्याकडच्या आरटीईसारखंच की हे. नाही रे बाबा, तसं नाही. आईकडे पोळ्या करायला येतात त्या मावशींची नात आरटीईतून एका इंग्लिश मीडियमला लागली, 25 टक्के राखीव जागा, नंबर सरकारी लॉटरीत लागला, आणि शाळेला तिची किंवा मावशींची मुलाखत घ्यायला बंदी आहे. पैसे सरकार देतं आणि म्हणून दार उघडं ठेवायची अटही सरकार घालतं. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर प्रायव्हेट शाळेला या 25 टक्क्यांतून सूट दिली होती, तर मुंबई हायकोर्टाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला. टेक्सासच्या कायद्यात पैसे आहेत पण दाराची अट नाही, माझं भांडण एवढ्याशीच आहे, आणि ते मला फार मोठं वाटतं.

आता उमेदवारांकडे येते.

मी नागरिक झाल्यावर पहिलं मत 2022 ला गव्हर्नरच्या निवडणुकीत दिलं, अ‍ॅबट विरुद्ध डेमोक्रॅट बेटो ओरूर्क. अ‍ॅबट तेव्हा उघड म्हणत होते की राज्याचा पैसा मुलाच्या मागे जावा, मूल कुठल्याही शाळेत जावो, आणि ओरूर्क म्हणत होते की व्हाउचर म्हणजे सरकारी शाळेतून पैसा काढून घेणं. अ‍ॅबट जिंकले. मग मला वाटलं आता होणारच, पण 17 नोव्हेंबर 2023 ला विधानसभेने 84 विरुद्ध 63 मतांनी बिलातून व्हाउचरचा भागच काढून टाकला, आणि डेमोक्रॅट्सच्या बरोबरीने मत देणारे 21 जण अ‍ॅबट यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे होते, बरेचसे गावाकडचे. हे मी भावाला सांगते तेव्हा त्याला पटकन समजतं कारण तो गावात वाढलाय. वेस्ट टेक्सासच्या छोट्या गावात प्रायव्हेट शाळा नसतेच, पूर्ण काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, एक नसते, जी आहे ती सरकारी शाळा, तिथेच गावातल्या निम्म्या लोकांची नोकरी, शुक्रवारी रात्री फुटबॉलला अख्खं गाव तिथेच. तिथल्या आमदाराला चॉइस म्हणून काय सांगणार? शिवाय इकडे शाळेला पैसे मिळतात ते रोज हजर असणाऱ्या मुलांच्या सरासरीवर, म्हणजे पट घसरला की पैसे घसरले, बस मात्र तितकेच मैल धावते.

पण पुढे काय झालं बघा. मार्च 2024 च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, अ‍ॅबट स्वतः आपल्याच पक्षाच्या त्या आमदारांच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांचा प्रचार करायला उतरले, पेनसिल्व्हेनियाच्या जेफ यास नावाच्या अब्जाधीशाने अ‍ॅबट यांना 60 लाख डॉलर दिले होते, आणि ते आमदार बरेचसे हरले. त्या वेळच्या जाहिराती मी बघितल्यात, कितीतरी जाहिरातींत शाळेचा उल्लेखही नव्हता, सगळं बॉर्डरवर. म्हणून कोणी मला म्हणतं की बॉर्डरवरून मत दे, तेव्हा मला हे आठवतं, लोकांनी बॉर्डर म्हणून मत दिलं आणि 17 एप्रिल 2025 ला सभागृहात व्हाउचर 85 विरुद्ध 63 ने पास झालं.

आणि जिथे लोकांना थेट विचारलं तिथे काय उत्तर आलं तेही सांगते. नोव्हेंबर 2024 मध्ये केंटकीत ट्रम्प यांना जवळपास 65 टक्के मतं पडली, ट्रम्प तर सगळ्या देशात स्कूल चॉइस आणायचं म्हणून बोलत होते, आणि त्याच दिवशी त्याच केंटकीने सरकारी पैसा सरकारी शाळेबाहेर द्यायची घटनादुरुस्ती जवळपास 65 टक्क्यांनीच पाडली, 120 पैकी 120 काउंट्यांत. नेब्रास्कानेही त्याच दिवशी तसला कायदा रद्द केला. टेक्सासमध्ये आम्हाला असं थेट कोणी विचारलंच नाही, म्हणून आमच्या हातात उमेदवारच तेवढा राहतो.

आता दुसरी बाजू, कारण मंडळातल्या एका काकांनी मला एकदा ठणकावून सांगितलं होतं की तुझं चांगल्या उपनगरात घर आहे म्हणून तुला हे परवडतं. त्यांचं म्हणणं खरं आहे. इथे शाळा घराच्या पत्त्यावर मिळते आणि पत्ता पैशाने मिळतो, आम्ही घर घेतलं तेव्हा पहिला प्रश्न शाळेचाच विचारला होता, म्हणजे आम्ही आमचा चॉइस घराच्या हप्त्यातून विकत घेतला. मिलवॉकीत 1990 ला व्हाउचर सुरू झालं तेव्हा ते रेटून धरणाऱ्या पॉली विल्यम्स या डेमोक्रॅट आमदार होत्या, कृष्णवर्णीय, आपल्या वस्तीतली मुलं वाईट शाळांत अडकलीत म्हणून चिडलेल्या, आणि ते व्हाउचर फक्त गरिबांसाठी होतं. मी मिलवॉकीत तेव्हा आई असते तर घेतलंही असतं. पण अ‍ॅरिझोनाने 2022 मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं तेव्हा सुरुवातीला अर्ज आले त्यातली बहुतेक मुलं आधीपासूनच सरकारी शाळेत नव्हती, म्हणजे जे फी भरतच होते त्यांना सरकारने फी दिली. टेक्सासच्या कायद्यात अपंगत्व असलेल्या आणि कमी-मध्यम उत्पन्नाच्या मुलांना आधी नंबर आहे, तेवढं बरं केलंय.

आणि सरकारी शाळेने मला सुरुवातीला छळलं हेही लपवत नाही. तपासणी करा, तपासणी करा म्हणून मी चार महिने मागे लागले होते, थांबा, वाढेल तसं बोलेल, हेच उत्तर. नंतर कळलं की याला मोठा इतिहास आहे, टेक्सासने 2004 पासून शाळांना स्पेशल एड 8.5 टक्के मुलांपर्यंत ठेवायचं लक्ष्य दिलं होतं, ह्यूस्टन क्रॉनिकलने 2016 ला ते बाहेर काढलं, 2018 मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने सांगितलं की हे कायद्याविरुद्ध आहे. लक्ष्य गेलं तरी सवय लगेच जात नाही. पण एका अनुभवी आईने मला सांगितलं की तोंडी मागू नकोस, पत्र लिही, तारीख घाल. मी लिहिलं. मग संमतीच्या फॉर्मवर सही केल्यापासून शाळेचे 45 दिवस, त्यात त्यांना तपासणी पुरी करायला लागते, मी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर रोज रेघ मारायचे, 43 व्या दिवशी रिपोर्ट हातात आला. बुटांच्या ओळीवाल्या शाळेला मी कसलं पत्र लिहिणार होते?

मला शाळेची अशी सवय लागली ती वाळवा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. जूनमध्ये गुरुजी पटनोंदणीला घरोघरी फिरायचे, आणि एका वर्षी ते मेंढरं घेऊन माळावर उतरलेल्या कुटुंबातल्या मुलाला हाताला धरून घेऊन आले, त्याच्या पायात काही नव्हतं, त्याला माझ्या शेजारी बसवलं. तो दिवाळीपर्यंतच होता, मग त्याचा कळप पुढे गेला. पण हे मूल चालेल का असा प्रश्न गुरुजींच्या डोक्यात आलेला मी कधी बघितला नाही. भावाला हे सांगितलं की तो गप्प बसतो, कारण त्याचीच मुलं आता इंग्लिश मीडियमला आहेत आणि आमच्या त्या शाळेचा पट वीसच्या खाली गेलाय. त्याला मी दोष देत नाही.

तर उमेदवार बघताना मी काय बघते? चॉइस म्हणतो की पब्लिक म्हणतो यावर मी थांबत नाही. 2019 पासून टेक्सास दर मुलामागे मूळ रक्कम 6,160 डॉलर देत होतं, महागाई कुठल्या कुठे गेली तरी तेवढीच, 2025 मध्ये हाउस बिल 2 या वेगळ्या बिलाने ती 55 डॉलरने वाढवली. त्याच बिलात सरकारी शाळांना एकूण 850 कोटी डॉलर दिलेत, शिक्षकांचे पगार वाढलेत, स्पेशल एडलाही मिळालेत, ते मान्य. पण ही मूळ रक्कम किती वाढवणार हे जो आकड्यात सांगतो त्याचं मी ऐकते. 2026 साठी अ‍ॅबट चौथ्यांदा उभे राहिलेत, आणि ऑस्टिनच्या आमदार जीना हिनोहोसा यांनी ऑक्टोबर 2025 मध्ये गव्हर्नरपदासाठी उतरायचं जाहीर केलं, त्या आधी ऑस्टिनच्या स्कूल बोर्डाच्या, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या निवडून आलेल्या समितीच्या, अध्यक्ष होत्या आणि व्हाउचरच्या विरोधात मत दिलेल्या आहेत. यात माझं मत कुठे जाणार हे एवढं वाचल्यावर तुम्हाला कळलंच असेल.

पण मंडळातल्या लोकांना मी सांगते की गव्हर्नरच्या आधी स्कूल बोर्डाच्या उमेदवारांकडे बघा, तो माणूस तुमच्या दारात येतो. आमच्या दारात एक बाई आल्या होत्या, निवृत्त अकाउंटंट, हातात स्वतःची पत्रकं. मी त्यांना एकच विचारलं, प्रायव्हेट शाळेने व्हाउचरवालं मूल फेब्रुवारीत परत पाठवलं तर आपण त्याला कसं घेणार, कारण त्याचे पैसे तर तिकडे गेले. त्या पायरीवर टेकल्या, पत्रकाच्या मागे आकडे मांडायला लागल्या, वीसेक मिनिटं बसल्या आणि म्हणाल्या की याला बजेटमध्ये जागा नाहीये, ठेवायला लागेल. त्यांना मी मत दिलं.

आमच्याकडे ते मतदान मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी असतं, इतकी कमी माणसं येतात की रांग नसतेच. मी मुलाला बरोबर नेते. त्याला ते गोल स्टिकर हवं असतं, आणि टेबलावरच्या आजी त्याला पूर्ण रोल हातात देतात, तो एकेक मोजत बसतो तोवर माझं मत देऊन होतं.