पक्ष्यांच्या आवाजांची कार्डं, महिना सातवा: पुढची तारीख ठरते कशी?

या महिन्यात नवीन पक्षी चारच घेतले. बाकी सगळा वेळ एका प्रश्नामागे गेला. तांबटाचं कार्ड आता थेट आठ महिन्यांनी येणार, आणि शिंप्याचं मात्र दर दोन-तीन दिवसांनी हजर. ही कार्डं मी आन्कीत करते: एका बाजूला पक्ष्याचा आवाज, मागे त्याचं नाव, आणि कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते हे उजळणीचं अ‍ॅप ठरवतं. पण आन्की हे ठरवतं कसं? सहा महिने मी नुसती बटणं दाबत होते. आता आतलं गणित कागदावर मांडून बघितलं, आणि त्यामुळे माझी एक वाईट सवय सुटली.

आधी जुन्या पद्धतीबद्दल, कारण माझी सुरुवात तिच्यावरच झाली. पिओतर वोझ्नियाक यांची १९८७ सालची एसएम-२ ही तिची मूळ पद्धत. प्रत्येक कार्डाला एक गुणक असतो, सुरुवातीला २.५. उत्तर आलं की मागच्या अंतराला गुणकाने गुणायचं: १० दिवसांचे २५, मग साधारण ६२. आन्कीत उत्तर बघितल्यावर चारपैकी एक बटण दाबायचं: 'अगेन' (विसरलं), 'हार्ड', 'गुड' किंवा 'ईझी'. 'अगेन' दाबलं की गुणक ०.२०ने उतरतो, 'हार्ड'ने ०.१५ने. वर चढतो तो फक्त 'ईझी'ने. 'गुड'ने तो जागचा हलत नाही. म्हणजे शिंपी सहा वेळा चुकला की गुणक १.३ वर, म्हणजे तळाला. त्यानंतर मी तो कितीही नीट ओळखला, तरी 'गुड' दाबत राहिले तर तो तिथेच अडकणार. माझी अकरा कार्डं अशी तळाला सापडली. ती रोज का छळतात याचं उत्तर मिळालं.

आता मी एफएसआरएसवर आहे. जॅरेट ये यांनी बनवलेली ही पद्धत २३.१० आवृत्तीपासून आन्कीतच मिळते. ती प्रत्येक कार्डाबद्दल तीन गोष्टी धरून ठेवते: ते किती अवघड आहे, त्याची आठवण किती टिकाऊ आहे, आणि आज विचारलं तर आठवण्याची शक्यता किती. यातला 'टिकाऊपणा' नीट समजला की बाकीचं उलगडतं. आठवण्याची शक्यता १०० टक्क्यांवरून ९०वर यायला जितके दिवस लागतात, तितका त्या कार्डाचा टिकाऊपणा. बस्स.

मग मधलं अंतर कोण ठरवतं? आपण. आपल्याला किती टक्के आठवायला हवं, तो आकडा आपणच भरायचा असतो. तो मुळात ९० असतो. टिकाऊपणा १० दिवस असेल तर ९० टक्क्यांना कार्ड दहाव्या दिवशी येतं. एफएसआरएस ४.५च्या सूत्रात मी इतर आकडे घालून बघितले: ८० टक्क्यांना साधारण २४ दिवस, ८५ला १६, ९५ला जेमतेम साडेचार, आणि ९७ला तीनसुद्धा नाहीत. मी हौसेने ९५ ठेवलं होतं! ९० केल्यावर पुढची अंतरं दुपटीहून जास्त झाली. आकडा बदलायच्या आधी प्रत्येकाने हे गणित एकदा हाताने करावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट मला फार सुंदर वाटली. आठवण पुसट होत आलेली असताना कार्ड आलं आणि तरीही उत्तर आलं, तर टिकाऊपणा जास्त वाढतो. कालच बघितलेलं आज पुन्हा बघून फारसं काही मिळत नाही. दिवाळीत बारा दिवस कार्डं उघडली नव्हती आणि मी धास्तावले होते. पण हे गणित खरोखर किती दिवस गेले ते मोजतं. उशिरा येऊनही जी कार्डं आठवली, त्यांची अंतरं चांगलीच लांबली. दहा टक्के विसरणं त्यात धरलेलंच आहे, त्याला मी आता अपयश म्हणत नाही.

आता ती सवय. आवाज ओळखता आला नाही, पण उत्तर बघितल्यावर 'अरे हो, हाच की' वाटलं, की मी 'हार्ड' दाबायचे. एफएसआरएसच्या लेखी 'हार्ड' म्हणजे कष्टाने का होईना, आठवलं. विसरलं तर 'अगेन'च. माझ्या अशा उत्तरांवरून त्याने माझी स्मरणशक्ती आहे त्याहून चांगली धरली, आणि सगळ्याच कार्डांची अंतरं फुगली. ठरावीक तारखेआधी बघितलेली कार्डं हिशोबातून वगळायची सोय सेटिंगमध्ये आहे. ती वापरून, जुनी चुकीची उत्तरं बाजूला ठेवून, माझ्या स्मरणशक्तीचे आकडे एफएसआरएसकडून पुन्हा काढून घेतले.

तरीही शिंपी आणि राखी वटवट्या सुटेनात. दोघेही बागेत, झुडपांत, तोच तोच सूर भराभर उगाळणारे. इथे एक मर्यादा कळली: हे गणित प्रत्येक कार्ड सुटं बघतं. एका आवाजामुळे दुसऱ्यात गोंधळ होतो हे त्याला दिसत नाही. त्यामुळे तारखा बदलून उपयोग नव्हता, कार्डच बदलायला हवं होतं. झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावरून दोघांच्या ध्वनिफिती घेऊन एकाच कार्डावर पाठोपाठ लावल्या आणि 'पहिला कोण?' असा प्रश्न केला. उडताना वटवट्याच्या पंखांचा ठिणगी उडाल्यासारखा चट्चट् आवाज येतो, त्याचं वेगळं कार्ड केलं. तीन आठवड्यांत शिंपी एकदाच चुकला.

उलट बाजूही आहे. तांबट माझ्या खिडकीबाहेरच्या वडावर उन्हाळाभर टुक-टुक करतो, ती उजळणी आन्कीला कुठे माहीत! त्याचे आठ महिने निम्मे त्या वडाचे आहेत. पावशाचं तर मी कार्डच काढून टाकलं. 'पेरते व्हा' लहानपणीच कानात बसलंय.

शीळकरी कस्तुराची मात्र परीक्षा आहे. तो मुख्यतः पावसाळ्यात गातो, म्हणून वर्षातले कितीतरी महिने मला फक्त कार्डावरच भेटतो. त्याचा टिकाऊपणा आज ४१ दिवस दाखवतोय, पुढची तारीख १४ जून. त्याच आठवड्यात पाऊस लागला तर ताम्हिणीला जाणार आहे. कार्ड आधी उघडायचं नाही, आधी घाटात ऐकायचं, असं ठरवलंय.