घरकुल मंजूर झालं, आता बांधायचं कुठं?

सोलापूर जिल्ह्यातल्या लहान गावांत घरकुल पैशाच्या आधी जागेपाशी अडतं. यादीत नाव येतं, खात्यावर पहिला हप्ता पडतो आणि मग कळतं की जुन्या माळवदाच्या घरावर चार भावांचा हक्क आहे, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, नाव अजून आजोबांचंच. त्यामुळे यादीची वाट बघत बसू नका. वारसनोंद आणि भावांचं संमतीपत्र आधी करून ठेवा.

ज्यांना गुंठाभरही जागा नाही त्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीला मदत मिळते. पण घेताना रस्ता बघा. 500 चौरस फुटांचा तुकडा स्वस्तात मिळतो आणि त्याला वाट दुसऱ्याच्या बांधावरून असते. ती वाट खरेदीखतात लिहून घेतली नाही, तर विटांचा ट्रॅक्टर पहिल्याच दिवशी अडवला जातो.

पंतप्रधान आवासचं अनुदान 1,20,000 रुपये, घर किमान 269 चौरस फुटांचं. म्हणजे चौरस फुटाला साधारण 446 रुपये. रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12,000 धरले तरी हात आखडूनच बांधावं लागतं, आणि हात आखडतो तो नेमका घराचा पाया घालताना.

मंगळवेढ्याकडची काळी रानं ज्वारीला सोनं, घराला मात्र वैरी. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. एकमजली घराचं वजन इतकं कमी की फुगणारी माती त्याला वर उचलते, तेही सगळीकडून सारखं नाही. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जाते. गिलावा करून ती बुजत नाही, पुढच्या उन्हाळ्यात परत उघडते.

दोन फूट चर खणून दगड भरणारा गवंडी दिसला तर काम थांबवा. चार-पाच फुटांवर मुरूम लागत असेल तर तिथपर्यंत जा. काळी माती बाहेर काढून टाका, तीच परत भरू नका. भरावाला मुरूम वापरा, सहा-सहा इंचांचा थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुमस. वर सलग प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीला काँक्रीटचा पट्टा. घराभोवती तीन फूट रुंद फरशी किंवा कोबा, उतार बाहेरच्या बाजूला. मोरीचं पाणी पायाशी मुरू देऊ नका. अर्ध्या चिरा तिथूनच सुरू होतात. मुरूम फार खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, हा खरा उपाय, पण तो अनुदानात बसत नाही. तिथं पैसे मोडण्यापेक्षा जागाच बदललेली परवडते.

दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयाचंही तसंच. काळ्या मातीत शोषखड्डा पाणी पीत नाही. दोन्ही खड्ड्यांभोवती बाहेरून फूटभर वाळू-खडीचा थर द्या, नाहीतर पावसाळ्यात मैला वर येतो.

आता सार्वजनिक सोयी. सभामंडप, अंगणवाडी, व्यायामशाळा, स्मशानभूमीचं शेड यांना निधी मिळतो, कारण उद्घाटन करता येतं. अडतं ते जमिनीच्या कागदावर. ‘आमच्या आबांनी गावाला दिली’ अशा तोंडी दानावर बांधलेल्या मंडपाला पुढच्या पिढीत कुलूप लागतं. बक्षीसपत्र नोंदवा, सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचं नाव चढवा, मगच इस्टिमेट.

पाण्याचा हिशेब दरडोई रोज 55 लिटर. 1,500 वस्तीला 82,500 लिटर लागतात, ते उन्हाळ्यात देणारी विहीर आहे का हे टाकीच्या उंचीपेक्षा महत्त्वाचं. मंडपाचं वीजबिल कोण भरणार आणि किल्ली कुणाकडे, हे ठरावातच लिहा.

आणि ठराव होतो त्या ग्रामसभेला जा. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100, यात जे कमी असेल ते. लोक आले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मंडप कुणाच्या वाड्यासमोर होणार, हे बरेचदा त्या दुसऱ्या सभेत ठरतं.